अतिया फैजी : केंब्रिज बाहेरून पाहिलं आणि घराघरांत पोचवलं

बारावीचे निकाल लागले, नीट-जेईईचे गुण हातात आले की चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, राजुरा, देसाईगंज, अहेरी, सिरोंचा इथल्या आपल्या घरांत एकच विषय निघतो. मुलगा कुठं जाणार? आणि अल्हमदुलिल्लाह, आता तेवढ्याच आवाजात हेही विचारलं जातं की मुलगी कुठं जाणार? नागपूर, पुणे, हैदराबाद, अलीगढ, दिल्ली ही नावं निघतात. फी किती, कट-ऑफ किती, हे सगळं मोबाईलवर सापडतं. पण मोठ्या विद्यापीठात मुलं राहतात कशी, शिक्षक त्यांच्याशी बोलतात कसे, आपल्यासारख्या घरातून गेलेल्या पोराला तिथं पहिल्या दिवशी काय वाटतं, हे सांगणारं माणूस घरात नसतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत त्या दारातून आत जाणारी ही पहिलीच पिढी आहे.

म्हणून आज आम्ही अशा एका बाईंची हकीकत सांगणार आहोत, ज्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे काम केलं. त्या स्वतः केंब्रिजच्या विद्यार्थिनी नव्हत्या. पाहुण्या म्हणून गेल्या, नीट पाहून आल्या आणि विलायतेत जे दिसलं ते साध्या उर्दूत लिहून हिंदुस्थानातल्या मुस्लिम घरांतल्या बायकांपर्यंत पोचवलं. त्यांचं नाव अतिया फैजी. आपल्यातल्या अनेकांनी हे नाव अल्लामा इक्बाल किंवा मौलाना शिबली यांच्या चरित्रात ओझरतं वाचलं असेल. पण त्यांची स्वतःची जिंदगी फार कमी जणांना माहीत आहे.

तय्यबजींचं घराणं

अतिया यांचा जन्म १८७७ सालचा, तोही इस्तंबूलचा. वालिद हसनअली फैजहैदर हे व्यापारी होते आणि त्यांचा व्यापार उस्मानी तुर्कांच्या राजधानीपर्यंत पोचला होता. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ मुंबईचं. याच गोतावळ्यात बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी होते, १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती.

या घराण्याच्या दोन सवयी इथं सांगायला हव्यात, कारण अतियांची लेखणी त्यातूनच घडली. पहिली सवय भाषेची. व्यापारी बोहरा घरांत गुजराती चाले, पण तय्यबजी मंडळींनी ठरवून घरात उर्दू आणली, म्हणजे देशभरातल्या मुसलमानांशी एका भाषेत बोलता येईल. दुसरी सवय लिहिण्याची. घरात एक मोठी वही ठेवलेली असे, तिला अखबार म्हणत. घरातलं कुणीही, बाई असो की पुरुष, लहान असो की मोठं, त्या वहीत दिवसभराची हकीकत लिहायचं. कोण आलं, कोण आजारी पडलं, कुठली सहल झाली, कुठलं पुस्तक वाचलं, सगळं. मुलींनीही लिहायचं आणि ते सगळ्यांनी वाचायचं. ज्या काळात पुष्कळ घरांत मुलींना वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवायचं टाळत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

अतिया यांच्या दोन थोरल्या बहिणी प्रसिद्ध आहेत. झोहरा यांनी मुलींच्या तालिमीवर पुष्कळ काम केलं, लेखनही केलं. दुसऱ्या नाझली, त्यांचा निकाह जंजिऱ्याच्या नवाबांशी झाला. जंजिरा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचं सिद्दी संस्थान. त्यामुळे मुंबई आणि मुरुड ही अतियांची दोन्ही घरं. आपल्याच महाराष्ट्रातली ही बाई, हे विसरू नये.

सरकारी शिष्यवृत्ती आणि लंडन

१९०६ साली अतियांना शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्या विलायतेला निघाल्या. वय २९. लग्न झालेलं नव्हतं. त्या वयाची अविवाहित मुस्लिम बाई शिकण्यासाठी समुद्रापार जाते, ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट असेल याचा अंदाज आपल्याला सहज येईल, कारण आजही मुलगी नागपूरच्या होस्टेलवर ठेवायची म्हटलं तर मोहल्ल्यात चार लोक विचारायला येतात.

लंडनच्या ब्रॉन्ड्सबरी भागात मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज होतं. १८७८ साली निघालेलं हे कॉलेज खास स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करत असे. केंब्रिज विद्यापीठ शिक्षकांसाठी जी प्रमाणपत्र परीक्षा घेई, तिची तयारी इथं होत असे. म्हणजे अतिया केंब्रिजच्या विद्यार्थिनी नव्हत्या, पण त्यांचा अभ्यास केंब्रिजच्या परीक्षेच्या छायेत चालला होता.

लंडनहून त्या घरी लिहीत राहिल्या. अखबाराची वहीच जणू टपालाने येऊ लागली. बहीण झोहरा ते लिखाण नीट करत आणि ते लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या साप्ताहिकात छापून येत असे. हे साप्ताहिक १८९८ साली मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी मुस्लिम स्त्रियांसाठी सुरू केलं होतं आणि संपादन मुहम्मदी बेगम करत. पंजाबपासून दख्खनपर्यंत पडद्यातल्या बायका ते वाचत. ज्यांनी कधी रेल्वेचा डबाही पाहिला नव्हता अशा घरांत अतियांमुळे लंडनचे रस्ते, कॉलेजचं वेळापत्रक, ग्रंथालयं, संग्रहालयं, सभा आणि व्याख्यानं पोचली. पुढे १९२१ साली हे लिखाण ‘ज़माना-ए-तहसील’ या नावानं आग्र्याहून पुस्तकरूपात आलं. तहसील म्हणजे इथं तालुका नव्हे बरं का, इल्म मिळवणं. शिकण्याचा काळ, असा त्या नावाचा अर्थ.

अतियांनी विलायतेत तोंडावर पडदा घेतला नाही, पण डोकं झाकलेलं असे आणि पोशाख आपलाच असे. त्यांच्या पिढीतल्या मुस्लिम स्त्रीसाठी हा मधला रस्ता सोपा नव्हता. काहींना तो जास्त वाटे, काहींना कमी. त्या मात्र त्याच वेशात वर्गात बसल्या, मेजवान्यांना गेल्या आणि मोठमोठ्या विद्वानांशी वाद घालून आल्या.

केंब्रिजला पहिली भेट

१ एप्रिल १९०७ रोजी लंडनमध्ये मिस बेक यांच्या घरी अतियांची गाठ मुहम्मद इक्बाल यांच्याशी पडली. मिस बेक म्हणजे अलीगढ कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर बेक यांची बहीण. हिंदुस्थानी विद्यार्थ्यांची ख्यालीखुशाली पाहायची, एकमेकांशी ओळखी करून द्यायच्या, हे काम त्या आपुलकीनं करत.

इक्बाल तेव्हा अल्लामा झाले नव्हते. १९०५ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले होते. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवण्याची नोकरी करून आलेले, घरी बायको-मुलं ठेवून आलेले, वयानं इतर पोरांपेक्षा मोठे. खर्च थोरले भाऊ अता मुहम्मद यांच्या कमाईतून चाले. थोरला भाऊ नोकरी करतो आणि धाकट्याला शिकवतो, हे चित्र आपल्या कोळसा खाणीच्या आणि पेपर मिलच्या वस्त्यांत काही नवीन नाही. केंब्रिजमध्ये इक्बाल पोर्तुगाल प्लेस नावाच्या एका अरुंद गल्लीत खोली घेऊन राहत. तिथं आज त्यांच्या नावाची पाटी आहे.

त्याच एप्रिल महिन्यात इक्बाल आणि शेख अब्दुल कादिर यांच्यासोबत अतिया केंब्रिजला गेल्या. शेख अब्दुल कादिर म्हणजे ‘मख्झन’ या नामवंत उर्दू मासिकाचे संपादक. मुक्काम आणि मेजवानी होती सय्यद अली बिलग्रामी यांच्या घरी.

इथं थोडं थांबायला हवं, कारण बिलग्रामी यांची गोष्ट मराठी मुसलमानांना ठाऊक असायलाच पाहिजे. हे गृहस्थ मूळ अवधमधल्या बिलग्रामचे. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माईन्समध्ये शिकून आलेले. पुढे हैदराबादेत निजाम सरकारच्या बांधकाम, रेल्वे, खाणी या खात्यांत मोठ्या हुद्द्यावर राहिले. आपलं राजुरा तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. तर हे खाणींचे जाणकार, अरबी-फारसी-संस्कृतचे पंडित, फ्रेंचमधून अरब संस्कृतीवरचा मोठा ग्रंथ उर्दूत आणणारे बिलग्रामी १९०२ पासून केंब्रिज विद्यापीठात शिकवत काय होते? मराठी! हिंदुस्थानात कलेक्टर-न्यायाधीश होऊन येणाऱ्या गोऱ्या उमेदवारांना नेमणुकीच्या प्रांताची भाषा शिकावी लागे. त्यांना मराठी शिकवणारे व्याख्याते होते हे सय्यद साहेब. मराठी आणि मुसलमान यांचं नातं काय, असं कुणी विचारलं तर हे एक नाव पुरेसं आहे.

अशा घरी ती मैफल बसली. दिवसभर इल्मी गप्पा चालल्या. इक्बाल बराच वेळ गप्प राहत आणि मग एखाद्या वाक्यात समोरच्याला निरुत्तर करत, अशी त्यांची आठवण अतियांनी पुढे नोंदवली आहे. पुन्हा जून महिन्यात त्या केंब्रिजला गेल्या, या वेळी प्रोफेसर थॉमस आर्नल्ड यांच्या बोलावण्यावरून. हे आर्नल्ड आधी अलीगढला आणि मग लाहोरला शिकवत होते, इक्बाल यांचे उस्ताद. नदीकाठी झाडाखाली सगळे जमले, सोबत खाणं होतं, आणि बोलणं जीवन आणि मरण या विषयावर गेलं. उस्ताद शागिर्दाला मत विचारतात, शागिर्द बिनधास्त सांगतो आणि उस्ताद ते ऐकून घेतात. परीक्षेसाठी नाही, गुणांसाठी नाही. आपल्याकडे सरांसमोर मान खाली घालून उभं राहायची रीत. तिथं हे दृश्य पाहून आलेल्या माणसाच्या मनात ते राहणारच.

त्या दारामागे काय होतं

अतियांनी पाहिलेलं केंब्रिज नेमकं होतं कसं, हे आजच्या वाचकाला थोडं समजावून सांगतो. केंब्रिज म्हणजे एक इमारत नाही. कॅम नदीच्या काठानं पसरलेली वेगवेगळी कॉलेजं, प्रत्येकाला आपली भिंत, आपला दरवाजा, आपलं प्रार्थनाघर, आपला भोजनगृहाचा दालन आणि दारावर पहारेकरी. विद्यार्थ्यांनी काळा झगा घालायचा. रात्री ठरलेल्या वेळी दरवाजे बंद. उशिरा येणाऱ्याला दंड. अंधार पडल्यावर झगा न घालता फिरणाऱ्याला पकडायला विद्यापीठाचे अधिकारी गावात फिरत. वर्गातल्या व्याख्यानापेक्षा शिक्षकासमोर एकट्यानं बसून केलेल्या चर्चेला जास्त मान. दुपारी अभ्यास नाही, दुपारी नदीवर नाव वल्हवायची नाहीतर मैदानात खेळायचं.

हिंदुस्थानी मुलंही तिथं होती. त्यांनी १८९१ मध्ये केंब्रिज मजलिस नावाची आपली वादसभा काढली होती. कोकणातल्या मुर्डीसारख्या लहानशा गावातून आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले होते, म्हणजे सगळ्या विद्यापीठात पहिले. त्यामुळे हिंदी माणूस बुद्धीनं कमी, ही बढाई केंब्रिजमध्ये आता चालत नव्हती. अतिया परतल्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जवाहरलाल नेहरू ट्रिनिटीत दाखल झाले.

पण याच केंब्रिजची दुसरी बाजू होती. मुलींसाठी गर्टन आणि न्यूनहॅम ही दोन कॉलेजं १८६९ आणि १८७१ सालीच निघाली होती. १८८१ पासून मुलींना विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत होतं. त्या बसत होत्या, उत्तीर्ण होत होत्या, कधी मुलांच्या पुढेही जात होत्या. पदवी मात्र मिळत नव्हती. १८९७ साली हा प्रश्न मतदानाला आला. सुमारे ६६० मतं मुलींच्या बाजूनं पडली आणि १,७०० हून अधिक विरोधात. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा चौकात टांगला आणि निकालानंतर त्याची मोडतोड केली. अतिया गेल्या त्याच्या अवघ्या दहा वर्षांपूर्वीची ही घटना. केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठानं १८८३ सालीच दोन मुलींना बी.ए. केलं होतं. आणि नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हाती यायला १९२२ साल उजाडलं.

म्हणजे पाहा. ज्या दारातून इक्बाल आत गेले, त्या दारातून अतिया गेल्या असत्या तरी पदवीवाचूनच परत आल्या असत्या. त्या तिथं तिन्ही अर्थांनी परक्या होत्या. बाई म्हणून, हिंदी म्हणून आणि मुसलमान म्हणून. तरी त्यांनी ना गोऱ्यांची आंधळी तारीफ केली, ना नुसता राग धरला. शिस्त आवडली तर आवडली म्हटलं. शिकलेल्या बायका काय काय करू शकतात हे डोळ्यांनी पाहिलं आणि आपल्या वाचक बहिणींना सांगितलं.

हायडेलबर्गचा वेगळा अनुभव

१९०७ च्या ऑगस्टमध्ये अतिया आपल्या भावासोबत जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेल्या. इक्बाल तिथं जर्मन शिकत होते, कारण म्युनिक विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी ती भाषा लागणार होती. इराणमधल्या तत्त्वज्ञानाचा विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

इथं अतियांना निराळेच इक्बाल दिसले. लंडनमध्ये चार लोकांत टोमणे मारणारा, थोडा गर्व असलेला माणूस इथं शांत, नम्र, हसरा झाला होता. त्याला शिकवणाऱ्या दोन तरुण जर्मन स्त्रिया होत्या, वेगेनास्ट आणि सेनेशल, आणि हा फारसी-अरबीचा आलिम त्यांच्यासमोर लहान मुलासारखा बसून चुका दुरुस्त करून घेत होता. शिक्षक आणि विद्यार्थी एका कुटुंबासारखे राहत. नेकर नदीवर नाव, टेकडीवरचा किल्ला, बागा, कॉफी आणि त्यातच चालता-बोलता अभ्यास.

यामागे एक कारणही होतं. हायडेलबर्ग ज्या बाडेन राज्यात होतं, तिथल्या विद्यापीठांनी १९०० सालीच स्त्रियांना बरोबरीनं प्रवेश दिला होता. जर्मनीत ही पहिलीच राज्यव्यवस्था. केंब्रिज नावानं मोठं, पण या बाबतीत हायडेलबर्ग पुढं. विद्यापीठाचं नाव किती मोठं यावरून तिथं आपल्या मुलीला जागा किती मिळेल हे कळत नाही, हा धडा आजही खरा आहे.

प्रमाणपत्राविना परत

आता जी गोष्ट चरित्रकार पटकन ओलांडून जातात ती सांगतो. अतियांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही. तब्येत बिघडली आणि वर्षभरातच त्या परत आल्या. प्रमाणपत्र मिळालं नाही. आपल्याकडे अशा मुलीला लोक काय म्हणतात ते सांगायला नको. सरकारी पैसा वाया घालवला, नाक कापलं, आता लग्न कोण करणार.

अतिया गप्प घरात बसल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, नवाब साहेब आणि नाझली बेगम यांच्यासोबत पुन्हा युरोपला गेल्या. मौलाना शिबली नोमानी यांच्याशी दोघी बहिणींचा इल्मी पत्रव्यवहार चालला. पुढे ती पत्रं छापून आली आणि त्यावर बरीच कुजबुज झाली. इक्बाल यांनीही त्यांना मन मोकळं करणारी पत्रं लिहिली. त्या पत्रांवरून आजही लोक नाना अंदाज बांधतात. आम्हाला त्यात पडायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की दोन मोठ्या आलिमांना ज्या बाईशी इल्मी चर्चा करावीशी वाटली, त्या बाईचं इल्म काय होतं हे आधी विचारलं पाहिजे. आपण ते विचारत नाही, आणि बाईचं नाव निघालं की नजर आधी तिच्या नात्यांकडे जाते.

१९१२ साली अतियांनी चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी लग्न केलं. रहमीन पुण्यात जन्मलेले, बेने इस्राईल म्हणजे आपल्या कोकणच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले. त्यांनी इस्लाम कबूल केला आणि बायकोचं आडनावही आपल्या नावात घेतलं, फैजी-रहमीन. नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या घुमटातली काही चित्रं त्यांच्या हातची आहेत. अतियांनी हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९१४ साली लंडनला निघालं, त्यातली चित्रं रहमीन यांची. संगीताला बायकांनी हात लावू नये असं मानणाऱ्या काळात राग-रागिण्यांवर शास्त्रशुद्ध लिहिणारी ही मुस्लिम बाई.

१९१४ साली बेगम भोपाळ यांच्या पुढाकारानं अलीगढला मुस्लिम स्त्रियांची जी परिषद भरली, त्यातही अतिया होत्या. १९२५ साली अलीगढच्याच शैक्षणिक परिषदेत त्या चेहऱ्यावर पडदा न घेता पुरुषांच्या सभेसमोर उभ्या राहिल्या आणि स्त्रियांच्या हक्कांवर बोलल्या. खूप गदारोळ झाला. सगळ्यांना ते पटलं नाही, आजही सगळ्यांना पटणार नाही. पण ज्या सभेत मुलींच्या तालिमीचा निर्णय होतो, त्या सभेत मुलीचं स्वतःचं म्हणणंही ऐकलं जावं, एवढा त्यांचा आग्रह होता.

१९४७ साली मुंबईहून त्यांचं इक्बालवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, पत्रांसह. केंब्रिज आणि हायडेलबर्गच्या त्या दिवसांचं वर्णन आपल्याला त्यातूनच मिळतं. इक्बाल यांचं विद्यार्थीजीवन लिहिणाऱ्या प्रत्येक चरित्रकाराला या पुस्तकाचं दार ठोठवावं लागतं.

कराचीतली अखेर

फाळणीनंतर १९४८ साली अतिया, रहमीन आणि नाझली कराचीला गेले. बोलावणं जिना यांचं होतं. मुंबईतलं मलबार हिलचं घर, तिथल्या कलेच्या मैफली सगळं मागं राहिलं. कराचीत त्यांनी तसंच घर उभारायचा प्रयत्न केला, पण बोलावणारे लवकर गेले आणि नंतरच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना त्या घरातून बाहेर काढलं. शेवटची वर्षं तंगीत गेली. १९६४ मध्ये रहमीन आणि १९६७ च्या जानेवारीत अतिया अल्लाहला प्याऱ्या झाल्या. ज्या शहरात नव्यानं घर मांडलं तिथं हक्काचं छप्पर राहिलं नाही, आणि ज्या मुंबईत आयुष्य गेलं तिथं आठवण राहिली नाही. दोन्ही देशांनी आपलं म्हणायला उशीर केला.

त्यांच्याच कुटुंबातले पुतणे, माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी, पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात रीतसर शिकले आणि मुस्लिम कायद्याचे जगन्मान्य अभ्यासक झाले. वकिलीच्या विद्यार्थ्यांना त्यांचं पुस्तक आजही वाचावं लागतं. आत्या पाहुणी म्हणून जिथं गेली, तिथं पुढची पिढी विद्यार्थी म्हणून गेली. घराण्यात इल्म असंच पुढं सरकतं.

आपल्यासाठी यात काय आहे

२०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आलं. त्याआधी आपल्या दोन्ही जिल्ह्यांची कॉलेजं नागपूरला जोडलेली होती. चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. जंगलातल्या शेवटच्या तालुक्यातली पोरंही आता मोठ्या परीक्षा देतात. दार जवळ आलं आहे, यात शंका नाही. पण सिरोंच्याच्या किंवा एटापल्लीच्या घरातून निघालेल्या मुलीला मोठ्या विद्यापीठाच्या फाटकाशी आजही तेच वाटतं जे अतियांना वाटलं असेल. इथं सगळे एकमेकांना ओळखतात, मलाच कुणी ओळखत नाही. यांची भाषा वेगळी, कपडे वेगळे, जेवण्याची पद्धत वेगळी. माझं इथं काही चुकून तर आलं नाही ना?

अशा वेळी अतियांची हकीकत तीन गोष्टी सांगते, असं आम्हाला वाटतं. पहिली, परकं वाटणं म्हणजे कमी असणं नव्हे. बाहेरून आलेल्या डोळ्याला जे दिसतं ते आतल्यांना सवयीनं दिसत नाही. दुसरी, जे पाहिलं ते घरी सांगा. आपली शिकायला गेलेली मुलं सुट्टीत येतात, मोबाईल पाहतात आणि परत जातात. त्यांना जवळ बसवून विचारा. होस्टेल कसं, शिक्षक कसे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरला, रोजे कसे ठेवले. एका मुलीनं सांगितलेलं दहा घरांच्या कामी येतं. अतियांचं लिखाण तरी दुसरं काय होतं? मोहल्ल्यात, अंजुमनमध्ये, मशिदीच्या मदरशात अशी एक वही ठेवली, ज्यात बाहेर शिकणाऱ्या प्रत्येकानं दोन पानं लिहिली, तर पाच वर्षांत आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं ‘ज़माना-ए-तहसील’ तयार होईल. खर्च एका वहीचा.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. कुणाची मुलगी किंवा मुलगा तब्येतीमुळे, पैशामुळे, मन न लागल्यामुळे मध्येच परत आला, तर त्याला हरलेला समजू नका. प्रमाणपत्र न घेता परतलेल्या अतियांनी पुढे ६० वर्षं इल्मची खिदमत केली. तिच्या घरच्यांनी दार बंद केलं नव्हतं, म्हणून हे झालं. आपल्या घराचं दारही तसंच उघडं राहो. अल्लाह मरहूमा अतिया फैजी यांची मगफिरत करो आणि आपल्या मुला-मुलींना नफा देणारं इल्म अता करो. आमीन.